मरणाचा विचार करायला बसलायस ना, मग हे ऐक

भाऊ, एक सांगू का, रात्री दोनला मोबाईलवर मरणाचे व्हिडिओ बघत बसशील तर हाती फक्त धडधड लागेल. हा विचार दिवसा करायचा आणि चार माणसांत करायचा. गावात कुणी गेलं तर तोंड दाखवून पळू नको, खांदा दे, लाकडं रचायला हात लाव, आणि मेन म्हणजे दहाव्यानंतर त्या घरी परत जा, कारण तोवर पाहुणे गेलेले असतात आणि घर खायला उठतं. तिथं नुसतं बसलास तरी पुष्कळ कळतं.

श्रद्धा नाही म्हणतोस, चालेल ना, आधीच पाहिजे असं कुठंय. एकदा तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गावाला जाऊन ये. योगी चांगदेव १४०० वर्षं जगले अशी आख्यायिका, आणि एवढं जगून गुरू केलं कोणाला तर कोवळ्या मुक्ताईला, जी १२९७ मध्ये, विशीच्या आतच, याच तापीकाठी गेली! आयुष्याची लांबी मोजणाऱ्याला यापेक्षा मोठी चपराक मला तरी माहीत नाही. (तिथं ऊन जाम असतं, सकाळीच जा.)

रोज हरिपाठाला बस, अर्थ लागो न लागो. आणि भावाशी बांधावरून अबोला धरलायस तो आधी सोड, उद्या दोघांतला एक नसला तर काय, हा प्रश्न तिथं लाव की, तिथंच तो कामाचा आहे. मुक्ताईची पालखी आषाढीच्या महिनाभर आधी निघते, यायचं असेल तर आत्तापासून चालायला लाग.