ट्रम्पचे मतदार जनमत चाचणीत खोटं बोलतात का?

तुम्ही विचारलंय की २०१६, २०२० आणि २०२४, तिन्ही वेळा अमेरिकेतल्या चाचण्यांनी ट्रम्पची मतं कमी दाखवली, तर त्यांचे मतदार मुद्दाम खोटी उत्तरं देतात का?

मला तसं वाटत नाही. खोटं बोलायलासुद्धा आधी फोन उचलावा लागतो, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं.

२०१२ मध्ये तिकडे शिकत असताना मी एका सर्व्हे सेंटरमध्ये संध्याकाळी फोन लावायचं काम करायचो. शंभर नंबर लावावेत तेव्हा कुठे आठ-दहा जण शेवटच्या प्रश्नापर्यंत टिकायचे. जे टिकायचे ते मात्र मनापासून बोलायचे. एका आजोबांनी वीस मिनिटं उत्तरं देऊन वर माझेच आभार मानले, कोणीतरी विचारलं म्हणून. लोक थापा मारतात असं म्हटलं की मला ते आजोबा आठवतात. अमेरिकेतल्या ‘प्यू’ या जनमत संशोधन संस्थेच्या फोन सर्व्हेंना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद द्यायचे, २०१८ मध्ये फक्त ६ टक्के. उरलेल्या ९४ जणांचा कल या सहा जणांसारखाच असेल, असं धरून चालावं लागतं.

हे दुखणं जुनं आहे. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने जवळपास एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याविरुद्धचे रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. साप्ताहिकाच्या याद्या गाडी आणि फोन असलेल्यांच्या होत्या, हे कारण सगळे सांगतात. पण रूझवेल्टच्या बाजूच्या लोकांनी त्या मतपत्रिका परत पाठवल्याच कमी, हे दुसरं कारण तितकंच मोठं होतं.

२०१६ मध्ये देशभराचे आकडे फारसे चुकले नव्हते. एकूण मतांत हिलरी क्लिंटन दोन टक्क्यांनी पुढेच राहिल्या. फसले ते विस्कॉन्सिनसारख्या राज्यांचे पोल. कॉलेज शिकलेले लोक सर्व्हेला जास्त उत्तरं देतात आणि अनेक राज्यांतल्या पोलवाल्यांनी लोकसंख्येतल्या शिक्षणाच्या प्रमाणानुसार आकडे जुळवून घेतलेच नव्हते. २०२० मध्ये बहुतेकांनी ते केलं, तरी चूक वाढली. विस्कॉन्सिनमध्ये एका नामांकित पोलने बायडेनना १७ टक्क्यांची आघाडी दिली होती, प्रत्यक्षात ते एका टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकले. म्हणजे तेच वय, तेच शिक्षण, तोच पक्ष असला तरी फोन उचलणारा आणि न उचलणारा यांचं मत वेगळं असू शकतं. ती उणीव कुठल्याच जनगणनेच्या आकड्यांनी भरून निघत नाही.

आता बरेच जण ‘मागच्या वेळी कोणाला मत दिलंत?’ हे विचारून गेल्या निकालाच्या प्रमाणात नमुना बसवतात. २०२४ मध्ये चूक कमी झाली त्यात याचा वाटा असावा. आयोवा राज्यातल्या नावाजलेल्या पोलवाल्या अ‍ॅन सेल्झर हे करत नसत. त्यांनी हॅरिसना तीन टक्के पुढे दाखवलं आणि ट्रम्प तिथे १३ टक्क्यांनी जिंकले.

तरीही मला या उपायाची धास्ती वाटते. प्रत्येक नमुना गेल्या निकालाच्या साच्यात बसवला, तर ज्या वर्षी मतदार खरोखरच मोठ्या संख्येने बाजू बदलतील, त्याच वर्षी आपल्याला ते सगळ्यात उशिरा कळेल.