पिवळा बोर्ड घेतलास, आता पुढे

गच्चीवरच्या टाकीची पातळी दाखवणारं आणि पाण्याची मोटर चालवणारं यंत्र करतोयस, हे बेस. इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा घरातले सगळेच त्या स्क्रीनकडे बघतील.

तुझा २.८ इंची पिवळा बोर्ड म्हणजे ईएसपी३२ (प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप), ३२० बाय २४० चा डिस्प्ले आणि टच, सगळं एकत्र. सोय मोठी, पण बहुतेक पिना आधीच अडकलेल्या. बाहेर मोकळ्या मिळतात त्या २२, २७ आणि ३५. त्यातली ३५ फक्त इनपुट घेते, तिच्यावर रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) चालणार नाही. मी बघितलेले निम्मे नवशिके इथेच डोकं आपटतात. तुझं काम मात्र बरोबर तिघींत बसतं: पाण्यापर्यंतचं अंतर आवाजाने मोजणाऱ्या सेन्सरचा ट्रिगर (मोजायला सांगणारी पिन) २२ वर, एको (उत्तर देणारी पिन) ३५ वर, रिले २७ वर. एको ५ व्होल्टचा असेल तर १ के आणि २ के रेझिस्टर लावून ३.३ वर आण. थेट जोडू नकोस.

टच दाबाचा आहे, मोबाईलसारखा नाही. बटणं मोठी ठेव, नखाने दाब. टचची चिप डिस्प्लेपेक्षा वेगळ्या पिनांवर असते, म्हणून तिची लायब्ररी (तयार कोड) वेगळी लाव आणि आधी कॅलिब्रेशन कर, म्हणजे बोट आणि स्क्रीनवरची जागा जुळवून घे. स्क्रीन पांढरीच राहिली तर बोर्डाला दोष देण्याआधी डिस्प्लेच्या लायब्ररीची सेटअप फाइल बघ.

मोटर त्या चिमुकल्या रिलेवर नको. महाराणी रोडवरून कॉन्टॅक्टर (मोटरचा भार पेलणारा मोठा स्विच) आण, रिलेने फक्त त्याची कॉइल चालव, आणि २३० व्होल्टचं वायरिंग ओळखीच्या वायरमनकडूनच करून घे.