अंड्याची टरफलं आणि तापलेला पत्रा

बेळगावच्या वडगावात पत्र्याच्या शेडमध्ये आमचे चार यंत्रमाग आहेत. एप्रिलात दुपारी आत थांबवत नाही. अंड्याच्या टरफलांची पूड पत्र्याला लावली की गारवा येतो म्हणतात, खरं का?

तत्त्व खरं आहे. टरफलात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं. ते ऊन परतवतं आणि उष्णता अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात सोडतं. त्यातले ८ ते १३ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यातले किरण कोरडी हवा फारसे अडवत नाही, ते थेट आकाशात जातात. वीज लागत नाही. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठानं २०२० साली याच पदार्थाचा रंग केला, त्यानं ९५.५ टक्के ऊन परतवलं आणि भर दुपारी तो हवेपेक्षा १.७ अंशांनी गार राहिला.

पण ती पूड अतिसूक्ष्म होती आणि रंगात ६० टक्के भरलेली. आपल्या मिक्सरमधून निघतो तो रवा, मैदा नव्हे! टरफलं उकळा, आतला पापुद्रा काढा, वाळवून दळा, नाहीतर वास आणि मुंग्या. एक टरफल पाच-सहा ग्रॅमचं, म्हणजे दहा किलो पुडीला दोन हजारांच्या आसपास लागतील. बुर्जीच्या गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवा. पूड पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगात भर म्हणून घाला. जोर रंगाचाच राहणार. आधी एकच पत्रा रंगवा आणि दुपारी दोन्ही पत्र्यांना खालून हात लावून बघा.

मग सरळ चुनाच का मारू नये? (खानापूर)

स्लॅबवर जरूर मारा. भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच होतो, त्यामुळे टरफलं दळायची खटपट नको. जस्ताच्या पत्र्यावर मात्र चुना मारू नका. ओला चुना जस्त खातो.

गिरणीतलं भाताचं तूस पोत्यात भरून पत्र्याखाली टांगलं तर?

तूस उष्णता अडवतं, परतवत नाही. पत्रा तापतोच, खाली कमी उतरतं एवढंच. शिवाय उंदीर येतात आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये ठिणगी पडली तर पळायलाही वेळ मिळणार नाही. मी तरी सांगणार नाही.

कारखान्याचं चिपाड यासाठी मिळेल का? (संकेश्वर)

अवघड आहे. ते बॉयलरमध्ये जळतं, त्यावर वीजही होते. त्याला कचरा म्हणायचे दिवस गेले.

पावसाळ्यात हा रंग चालतो का?

ढग आले की आकाशाची वाट बंद, परिणाम घटतो. पण जुलैत बेळगावात गारवा मागतो कोण? खरी अडचण मार्च ते मेची. धूळ बसली की पांढरा पत्रा मातकट होतो. महिन्यातून एकदा वर चढून झाडू मारायची तयारी ठेवा, चप्पल काढून.