बिंदूची व्याख्या पुस्तकात का नाही?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. बिंदू, रेषा आणि प्रतल यांची व्याख्या पुस्तकात नाही, असं का, हे ती विचारते. काय सांगावं?

उत्तर : तिला शब्दकोशात ‘जागा’ हा शब्द काढायला सांगा, मग त्याच्या अर्थात आलेले शब्द, मग त्यांचे अर्थ. फिरून फिरून ती पुन्हा ‘जागा’वर येईल. भूमितीत असं गोल फिरणं चालत नाही, म्हणून सुरुवातीचे थोडे शब्द व्याख्येविना घ्यावे लागतात. युक्लिडने इ.स.पू. ३००च्या सुमारास ‘ज्याला भाग नाही तो बिंदू’ असं म्हटलं होतं, पण पुढच्या सिद्धतांमध्ये या वाक्याचा उपयोग होत नाही. जर्मन गणितज्ञ हिल्बर्टने १८९९ मध्ये ही व्याख्या सोडूनच दिली आणि बिंदू, रेषा, प्रतल एकमेकांशी कसे वागतात तेवढं गृहीतकांत, म्हणजे सिद्धतेविना मान्य केलेल्या विधानांत, बांधलं. ‘दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते’ हे विधान बिंदू म्हणजे काय ते सांगत नाही, पण बिंदू हाताशी असले की काय करता येईल ते सांगतं. काम तेवढ्यावर भागतं.

प्रश्न : किरण अब आणि किरण बअ एकच ना?

उत्तर : नाही. पहिलं अक्षर आरंभबिंदूचं. रेषा आणि रेषाखंड मात्र उलटे वाचले तरी तेच राहतात.

प्रश्न : कोनमापकाने त्रिकोणाचे कोन मोजले तर बेरीज कधी १७९° येते, कधी १८१°. नेमकी १८०° आली तरी सर म्हणतात ही सिद्धता नव्हे. का?

उत्तर : कारण तुम्ही एक त्रिकोण मोजलात आणि प्रमेय सगळ्या त्रिकोणांबद्दल बोलतं. शिवाय साध्या कोनमापकावर एका अंशापेक्षा बारीक खूण नसते, तेव्हा प्रत्येक कोनात अर्ध्या अंशाची चूक सहज होते.

सिद्धता अशी : त्रिकोण अबक मध्ये शिरोबिंदू अ मधून बाजू बक ला समांतर रेषा काढा. अ पाशी, त्या रेषेच्या एकाच बाजूला तीन कोन तयार होतात. मधला त्रिकोणाचाच कोन, उरलेले दोन व्युत्क्रम कोन (दोन रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या विरुद्ध बाजूंचे आतले कोन) म्हणून कोन ब आणि कोन क एवढे. तिन्ही मिळून सरळ कोन, म्हणजे १८०°.

गुण जातात ते कारण लिहिताना. ‘व्युत्क्रम कोनांची कसोटी’ असं बरेच जण लिहितात. कसोटी म्हणते, कोन समान असतील तर रेषा समांतर. इथे रेषा समांतर आहेत हे आधीच ठाऊक आहे आणि कोन समान हवेत, म्हणजे लागतो तो तिचा व्यत्यास, ‘व्युत्क्रम कोनांचा गुणधर्म’. हा फरक किरकोळ नाही. कसोटी युक्लिडच्या पाचव्या गृहीतकाशिवाय (रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा जाते, या अर्थाचं) सिद्ध होते, गुणधर्माला मात्र ते लागतंच. लोबाचेव्हस्की (१८२९) आणि बोयाई (१८३२) या गणितज्ञांनी पहिली चार गृहीतकं ठेवून पाचवं बदललं, तेव्हा प्रत्येक त्रिकोणाची बेरीज १८०° पेक्षा कमी निघाली. म्हणजे १८०° हा आकडा एका गृहीतकावर उभा आहे, आणि कोनमापक ते गृहीतक दाखवू शकत नाही.

प्रश्न : आकृतीत स्पष्ट दिसणारी गोष्ट सिद्धतेत घेतली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. युक्लिडच्या पहिल्याच रचनेत ही फट राहिली आहे. रेख अब (म्हणजे रेषाखंड अब) वर समभुज त्रिकोण काढायला तो अ आणि ब केंद्र धरून अब त्रिज्येची दोन वर्तुळं काढतो आणि ती जिथे छेदतात तो बिंदू घेतो. वर्तुळं छेदतात हे दिसतं खरं, पण त्याची पाच गृहीतकं तसं कुठेच सांगत नाहीत.

‘दरम्यान’चंही तसंच. ब हा अ आणि क यांच्या मध्ये दिसतो म्हणून अ-ब-क लिहू नका. अंतरं तपासा. अब = ७, बक = ३, अक = १० असेल तर ७ + ३ = १०, म्हणून अ-ब-क. अक = ९ असेल तर कुठल्याही दोन अंतरांची बेरीज तिसऱ्याएवढी येत नाही आणि ते तीन बिंदू एका रेषेवर नाहीत, आकृती कितीही सरळ दिसो. निर्देशकांवरून (संख्यारेषेवर बिंदूंना दिलेल्या संख्यांवरून) अंतर काढताना मोठ्यातून लहान वजा करा : −५ आणि ३ मधलं अंतर ३ − (−५) = ८. इथे २ लिहिणारे दरवर्षी भेटतात, कारण ते उणे चिन्ह सोडून ५ आणि ३ ची वजाबाकी करतात. शंका आली की संख्यारेषेवर घरं मोजून पाहा.