३००० वॉटचा इन्व्हर्टर घेण्याआधी

तुमच्या व्हॅनमध्ये सध्या पलंग, एलईडी दिव्यांची पट्टी आणि १०० अँपिअर-अवरची जुनी लेड-ॲसिड बॅटरी आहे. बाहेरच्या विजेशिवाय चार-पाच दिवस काढता यावेत म्हणून ४०० वॉटची सोलर पॅनेल, ३००० वॉटचा इन्व्हर्टर (बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करून देणारा) आणि इंडक्शन शेगडी घ्यायची आहे, तर सुरुवात कशापासून करू, असं तुम्ही विचारलंय. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी काहीच घेऊ नका, हिशोब मांडा.

१२ व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज गरम हवेत दिवसाला साधारण ४०० वॉट-अवर (वॉट गुणिले तास) घेतो. तीन तास लॅपटॉपचे १८०, रात्रभर छोट्या पंख्याचे १६०, दिवे आणि फोन मिळून ७०. झाले ८१०. गळती धरून ९०० समजा. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. १०० अँपिअर-अवर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १२०० वॉट-अवर, म्हणजे ती नवी असती तरी त्यातले निम्मे, ६०० वॉट-अवरच तुमच्या हाती आले असते. चोवीस तासही निघत नाहीत. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हजाराच्या वर देते. तुमच्या वापराला अशी २०० अँपिअर-अवरची घेतलीत तर ऊन नसतानाही दोन दिवस निभावतात. मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, तेव्हा थंडीत फिरणार असाल तर तसं संरक्षण आत असलेलीच निवडा.

आता इन्व्हर्टर. ३००० वॉट म्हणजे १२ व्होल्टला २५० अँपिअर. त्यासाठी मनगटाला जड जाणाऱ्या केबल लागतात. शिवाय मोठा इन्व्हर्टर काहीही न चालवता, नुसता चालू ठेवला तरी २० वॉट घेऊ शकतो. दिवसाचे ४८० झाले, फ्रिजपेक्षा जास्त! इंडक्शनवर १८०० वॉटने वीस मिनिटं स्वयंपाक केला की आणखी ६०० गेले. गॅसची शेगडी ठेवा, लॅपटॉप आणि फोनसाठी १२ व्होल्टचे चार्जर घ्या. मग इन्व्हर्टरची गरजच उरत नाही.

चार्जिंगबद्दल मात्र हात आखडू नका. माझ्या पहिल्या व्हॅनमध्ये भरवसा फक्त पॅनेलवर होता. गारवा हवा म्हणून झाडाखाली थांबलो, त्यात दोन दिवस ढग. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज बंद, दूध नासलेलं. इंजिन तासभर चालवलं, पण त्याची जोडणी मागच्या बॅटरीला नव्हतीच, सगळं डिझेल वाया. त्यानंतर ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला, तो गाडी चालताना इंजिनकडची वीज घेऊन मागची बॅटरी बेताने भरतो. गाडी दोन तास चालली की सुमारे ८०० वॉट-अवर परत येतात, म्हणजे जवळजवळ अख्ख्या दिवसाचा खर्च. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राला) थेट जोडू नका, तो तापून जळू शकतो. सपाट छतावरची ४०० वॉटची पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला हजार-बाराशे वॉट-अवर देतात, तुम्हाला ती पुरेत. फक्त एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा) घ्या आणि सावलीची शक्यता असेल तर पॅनेल समांतर जोडा, म्हणजे एकावर फांदीची सावली आली तरी दुसरं काम करत राहतं.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज हवाच. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर केबल क्षणात लाल होते. इथे पैसे वाचवलेले पाहिले की मला खरंच भीती वाटते.

पाणी जपून वापरलंत तरी माणशी दिवसाला ८ ते १० लिटर धरा. दोघांना पाच दिवसांचं म्हणजे ८० ते १०० किलो ओझं, तेव्हा सामान भरून व्हॅन एकदा काट्यावर नेऊन या.

गॅसबद्दल दोन गोष्टी. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशीच बाहेर उघडणारं छिद्र ठेवा. आणि झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. थंडीत खिडक्या लावून शेगडीवर ऊब घेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

छतावर मोकळी जागा किती, अल्टरनेटर किती अँपिअरचा आणि इंजिनपासून मागच्या बॅटरीपर्यंत वायर किती मीटर जाईल, एवढं मोजून सांगा. केबलची जाडी आणि फ्यूजचे आकडे मी काढून देतो.