गोधडी शिवायची आहे, पण चित्र काढता येत नाही. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी आणि घर सांभाळून गोधडी शिवायला शिकायची आहे, डिझाइनही स्वतःचंच हवंय. पण चित्रकला येत नाही, घरात शिलाई मशीन नाही आणि सलग वेळ मिळत नाही. तयार कापलेले नवे तुकडे विकत आणून सुरुवात करावी का, असंही तुम्ही विचारलंय.

तुकडे विकत आणू नका. आधी घरातलं जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडा. सुती साड्या, धोतरं, मऊ पडलेल्या चादरी, कॉलर झिजलेले सुती शर्ट, असं बरंच काही त्यातून निघेल. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, त्याचा सुटायचा तो रंग सुटून गेलेला असतो आणि सुई त्यातून सहज जाते. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं. त्यातून प्रत्येक तुकडा वेगळ्या प्रमाणात आटला की अख्खी गोधडी चुणते. नवं वापरायचंच असेल तर आधी दोन-तीनदा धुऊन घ्या. गडद लाल किंवा निळा तुकडा वेगळा भिजवून बघा आणि पाणी रंगत असेल तोवर तो बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो यावर विसंबू नका. सिंथेटिक साडी नकोच. ती घसरते आणि घाम टिपत नाही.

आता डिझाइन. माझं स्पष्ट मत आहे की गोधडीचं डिझाइन कागदावर होत नाही, ते जमिनीवर होतं. फरशी पुसून कोरडी करा, त्यावर अस्तर पसरा आणि तुकडे त्यावर मांडत जा. मागं सरून बघा, हलवा, पुन्हा बघा. रंग जुळतात का याची चिंता फार करू नका, गडद आणि फिकट यांची वाटणी मात्र नीट बघा. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. मांडणीचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. सगळं एकसारखं करडं दिसलं तर रंग कितीही वेगळे असोत, लांबून ती गोधडी सपाटच दिसणार. अशा वेळी दोन-चार ठिकाणी पांढरट धोतराचे तुकडे सरकवा, मांडणी लगेच उठून दिसते. साडीचे काठ आणि पदर चिरू नका. सांगलीकडच्या आमच्या वाकळांमध्ये इरकली लुगड्याचा लाल काठ चारी बाजूंनी कड म्हणून येतो. एवढ्या एका रेषेनं आतला सगळा गोंधळ एकत्र बांधला जातो.

चित्र न काढता डिझाइन कसं होतं हे बघायचं असेल तर सिद्दी बायकांच्या कवंदी, म्हणजे ठिगळांच्या गोधड्या, जरूर पाहा. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात आफ्रिकी वंशाचा हा समाज राहतो. त्यांची बोली कोकणीच्या घरातली, त्यामुळे आपल्याला ती माणसं तशी परकी नाहीत. तिथल्या बायका ठिगळं आधी एकमेकांना जोडून घेत नाहीत. अस्तर पसरायचं, एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, ठिगळाची कड आत मुडपून ते थेट अस्तरावर धावदोऱ्यानं बसवायचं, मग त्याच्या शेजारी पुढचं. असं कडेकडेनं फिरत आत यायचं आणि मध्यावर संपवायचं. पुढचं ठिगळ कोणतं, हे आधीचं बसलं की ठरतं. शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून छोटी त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते, असं त्या मानतात. मशीन आणि सलग वेळ, दोन्ही नसलेल्या माणसाला याहून चांगली रीत मला माहीत नाही. थांबाल तिथे सुई खोचून ठेवता येते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे निघता येतं.

झिजलेल्या कापडाला कमी लेखू नका. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालायच्या जुन्या विजारी उसवून गोधड्या शिवल्या. उन्हानं विटलेल्या निळ्या कापडावर, जिथे खिसा होता तिथला गडद चौकोन त्यांनी तसाच राहू दिला. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं आणि 2006 मध्ये त्यांची चित्रं अमेरिकी टपाल तिकिटांवर आली. तुमच्या घरच्या शर्टांवरही असे खिसे असतील, ते असे वाया घालवू नका.

ठिगळांबद्दल सगळे बोलतात, टाक्याबद्दल कमी. खरं तर गोधडीचा पोत टाक्यावर ठरतो. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवलं तर गोधडी मऊ, लोळती राहते. अंतर अर्ध्या इंचावर आणलं तर कापड घट्ट होतं, टिकतं जास्त, पण अंगाभोवती तितकं लपेटत नाही. टाके समांतर घेतले तर पृष्ठभागावर बारीक लाटा उठतात. ठिगळाभोवती चौकोनात फिरवले तर प्रत्येक ठिगळ उठून दिसतं. दोऱ्याचा रंग बदलला तर पाठीमागच्या एकरंगी अस्तरावर दुसरीच नक्षी तयार होते, आणि मला स्वतःला बऱ्याचदा ती मागची बाजूच अधिक आवडते. म्हणून अस्तर शक्यतो साधं, एकाच रंगाचं घ्या.

आत जाड थर द्यायचे असतील तर एक काळजी घ्या. कडेकडून आत शिवत आलं की कापडातला ढिलेपणा पुढे ढकलला जातो आणि मध्यावर फुगा येतो. म्हणून आधी सगळे थर ताणून पसरा, कोपऱ्यांवर वजनं ठेवा आणि मधून बाहेरच्या दिशेनं लांब लांब कच्चे टाके घालून घ्या. पक्कं शिवून झालं की ते उसवायचे. साधारण साडेपाच मीटरच्या साडीची तिहेरी घडी घातली तर सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असे तीन थर मिळतात. त्याला खाली अस्तर आणि वर ठिगळं, म्हणजे पाच थर झाले. हातसुईला एवढे पुरे. दोन साड्या घातल्या तर ऊब वाढते, पण बोटं दुखतात. दोरा जाड सुती घ्या, त्यावरून मेण फिरवा, हातभरापेक्षा लांब ओवू नका आणि गाठ थरांच्या आत दडवा. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, सुरुवातीला अडचणीचं वाटेल, तरी वापराच.

पहिलीच गोधडी मोठी नको. तीन फूट बाय तीन फुटांचं दुपटं शिवा. ओळींमध्ये एक इंच अंतर धरलं तर छत्तीस ओळी होतात, म्हणजे एकूण 108 फूट टाके. नवख्या हातानं अर्ध्या तासात पाचेक फूट होतात. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास बसलात तर महिन्याच्या आत दुपटं तयार होईल. चार बाय सहा फुटांच्या गोधडीला याच अंतरानं 288 फूट टाके लागतात, म्हणजे दोन महिने धरून चाला. रविवारी सगळं उरकू असं ठरवू नका. सुट्टीच्या दिवशी घरात शंभर कामं निघतात आणि गोधडी मागे पडते. त्यापेक्षा ती दिवाणाच्या कडेला घडी घालून सुईसकट हाताशी राहू द्या. मुलं अभ्यास करत असताना, फोनवर बोलताना, डाळ शिजेपर्यंत, दोन ओळी सहज होतात. घरात रांगतं मूल असेल तर मात्र सुई मोजून डबीत ठेवा.

मांडणी पावसाळ्यात करू नका. दमट कापड ताणलं जातं आणि वाळल्यावर ओळी वाकड्या दिसतात. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की बसा. शिवून झाल्यावर पहिलं धुणं थंड पाण्यात हातानं करा. ओली गोधडी फार जड होते, ती एकाच दोरीवर टांगली तर टाके ओढले जातात. गच्चीवर चादर अंथरून तिच्यावर आडवी वाळवा, अस्तर वर ठेवून. म्हणजे ऊन लागून पुढच्या बाजूचे रंग उडणार नाहीत.