बादलीची चीर, रिमोटची बटणे आणि मंदावलेला पंखा

‘घरच्या घरी दुरुस्ती’ या सदरासाठी आलेल्या पत्रांत या वेळी गोंदाविषयीच्या तक्रारी सर्वाधिक आहेत. म्हणून त्यांपैकी एका पत्राचे उत्तर सविस्तर देत आहोत. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे जागेच्या सोयीने लहानमोठी झाली आहेत.

प्रश्न : आमच्या न्हाणीघरातील प्लॅस्टिकच्या बादलीला काठापासून खाली वीतभर चीर पडली आहे. झटपट चिकटणारा गोंद दोनदा लावला, पण तो पापुद्र्यासारखा निघून आला. बादली एरवी उत्तम आहे. कोणता गोंद वापरावा? (एक वाचक, धनकवडी)

उत्तर : गोंद बदलून फारसा उपयोग होणार नाही, कारण अडचण बादलीच्या प्लॅस्टिकमध्येच आहे. बादल्या, टब आणि डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर गोंद नीट पसरत नाही. जो गोंद पसरतच नाही, तो धरणार तरी कसा? बादली उलटी करून तळाशी त्रिकोणातला आकडा पाहावा. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, 2 किंवा 4 म्हणजे पॉलिइथिलीन. आकडा नसेल तर काठाची बारीकशी कपची काढून साबणाच्या पाण्यात बुडवून सोडावी. ही दोन्ही प्लॅस्टिके पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे कपची वर येते. ती तळाशी गेली तर पुढे सांगितलेला उपाय करू नये, कारण पीव्हीसीसारखे प्लॅस्टिक तापवल्यास घातक वायू निघतो.

तरंगणारे प्लॅस्टिक मात्र वितळवून सांधता येते. आधी चीर जिथे संपते त्या टोकावर सुमारे 3 मिलिमीटरचे गोल भोक पाडावे. चिरेच्या अणकुचीदार टोकावर सगळा ताण एकवटतो आणि चीर पुढे सरकते. टोक गोल झाले की तो ताण विखुरतो. ही पायरी गाळली तर वरचा सांधा कितीही चांगला झाला तरी बादली खाली चिरतच राहते. त्यानंतर चिरेच्या दोन्ही कडा बाहेरच्या बाजूने तासून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच करावी. 25 वॉटच्या साध्या सोल्डरिंग आयर्नने (डाख देण्याच्या विजेच्या हत्याराने) कडा मऊ कराव्यात आणि त्याच आकड्याच्या जुन्या झाकणातून कापलेली पट्टी त्या खाचेत वितळवत भरत जावे. भर आणि कडा एकत्र वितळल्या पाहिजेत. नुसती भर वरून ओतली तर ती गोंदासारखीच सुटून येते. पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते आणि आयर्नचे टोक त्याहून पुष्कळ जास्त तापलेले असते, त्यामुळे ते एका जागी टेकवून न ठेवता हलते ठेवावे. धूर निघू लागला की प्लॅस्टिक जळत आहे असे समजावे. आतल्या बाजूने स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा चिरेवर आडवा ठेवून गरम टोकाने प्लॅस्टिकमध्ये दाबला, तर काठाशी येणारा ओढा जाळी घेते. खिडकी उघडी ठेवावी, आणि जुनेच टोक वापरावे. प्लॅस्टिकने माखलेले टोक पुन्हा सोल्डरिंगच्या उपयोगाचे राहत नाही.

एक अट मात्र आहे. बादली वर्षानुवर्षे गच्चीत उन्हात राहिली असेल, रंग फिका पडला असेल आणि नख लावताच पांढरी पूड निघत असेल, तर ते प्लॅस्टिकच ठिसूळ झालेले असते. अशा बादलीवर घालवलेली दुपार वाया जाते.

झटपट गोंदाचा उपयोग दुसरीकडे आहे. रिमोटचे कवच, खेळणी किंवा रेडिओची खोकी यांसाठी पुष्कळदा एबीएस नावाचे प्लॅस्टिक वापरतात आणि ते या गोंदाने उत्तम चिकटते. तुकडा हरवून खड्डा राहिला असेल, तर त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा भरून वर गोंदाचे थेंब सोडावेत. मिश्रण क्षणात दगडासारखे घट्ट होते आणि कानशीने घासून आकार देता येतो. ते घट्ट होताना तापते आणि झोंबणारी वाफ निघते, म्हणून तोंड जवळ नेऊ नये.

प्रश्न : टीव्हीच्या रिमोटची आवाज वाढवण्याची बटणे दाबली जात नाहीत, इतर बटणे चालतात. नवा रिमोट घ्यावा का? (एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : इतक्यात नको. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कॅमेऱ्यात जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. (मागच्या कॅमेऱ्यावर बहुधा हा प्रकाश अडवणारी गाळणी असते, म्हणून पुढचा.) इतर बटणांना ठिपका लुकलुकतो आणि नेमक्या याच बटणांना नाही, असे दिसले तर दोष आतल्या रबरी पत्र्यात आहे. सेल काढून, जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने कवच उकलावे. प्रत्येक बटणाखाली काळा ठिपका असतो. तो खालच्या पट्टीवर टेकला की विद्युतमार्ग पूर्ण होतो. रोज दाबल्या जाणाऱ्या बटणांवर बोटांचा तेलकटपणा आत झिरपलेला असतो. ठिपके आणि पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत. बहुतेक रिमोट एवढ्यावर चालू होतात. ठिपकाच झिजला असेल, तर त्याच मापाचा ॲल्युमिनियमच्या पातळ पन्नीचा तुकडा त्यावर चिकटवावा.

सेलच्या कप्प्यात पांढरा थर दिसला, तर सेलवरचे नाव वाचावे. अल्कलाइन सेलची गळती क्षारधर्मी असते, ती व्हिनेगरच्या ओल्या काडीने जाते. साध्या कार्बन-झिंक सेलची आम्लधर्मी असते, तिला खाण्याच्या सोड्याचे पाणी लागते. दोन्हींत शेवटी अल्कोहोलने पुसून कप्पा पूर्ण वाळू द्यावा.

प्रश्न : छताचा पंखा पाचवर ठेवूनही संथ फिरतो. कधी कधी नुसताच गुणगुणतो आणि काठीने ढकलल्यावर सुरू होतो. (एक वाचक, कसबा पेठ)

उत्तर : ढकलल्यावर सुरू होतो, ही खूण कपॅसिटरकडे, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागाकडे, बोट दाखवते. या पंख्यात तारेची दोन वेटोळी असतात आणि दुसऱ्या वेटोळ्यातील प्रवाहाची लय कपॅसिटरमुळे बदलते, तेव्हाच पंख्याला फिरण्याची दिशा मिळते. उष्णतेने आणि विजेच्या दाबातील चढउतारांनी कपॅसिटरची क्षमता वर्षागणिक घटत जाते. घरातला मुख्य स्विच बंद करून, टेस्टरने वीज नसल्याची खात्री करून मगच दांडीवरच्या ज्या वाटीत कपॅसिटर असतो ती सरकवावी. कपॅसिटरला हात लावण्याआधी इन्सुलेशन असलेल्या स्क्रू ड्रायव्हरने त्याची दोन्ही टोके एकमेकांना टेकवून त्यात उरलेली वीज काढून टाकावी. जुना कपॅसिटर खिशात घालून पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत जावे आणि त्यावर छापलेलाच आकडा मागावा. तो बहुधा 2.5 मायक्रोफॅरड आणि 440 व्होल्ट असतो. वेग वाढेल या आशेने मोठा आकडा बसवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो ऐकू नये, कारण वेटोळे तापते. वीज बंद असताना पाते हाताने फिरवून जड वाटले, तर मात्र दोष बेअरिंगचा आहे आणि पंखा कारागिराकडे न्यावा. रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी (ब्रशलेस मोटरच्या) पंख्यांना यातले काहीही लागू नाही.

प्रश्न : पॉवर बँक फुगली आहे. टाचणीने हवा काढता येईल का? (एक वाचक, औंध)

उत्तर : मुळीच नाही. लिथियम बॅटरीला छिद्र पडल्यास ती पेट घेऊ शकते. ती पुन्हा चार्ज करू नये, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा म्हणून द्यावी. कचरा नेणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या सदस्यांकडे त्याविषयी विचारता येईल.

प्रश्न : सासूबाईंची बोटे संधिवाताने आखडली आहेत. दाराची किल्ली त्यांच्याने फिरत नाही. काही करता येईल का? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : असे प्रश्न अधिक यावेत. किल्लीचे डोके अंगठ्याएवढे असल्यामुळे सगळा जोर चिमटीने लावावा लागतो. बोटाएवढी जाड आणि सुमारे 10 सेंटिमीटर लांबीची लाकडी पट्टी घ्यावी, तिच्या मध्यावर करवतीने किल्लीच्या जाडीची खाच पाडावी, किल्लीचे डोके तिच्यात बसवून किल्लीच्या मूळ भोकातून आरपार बोल्ट घालून नट घट्ट करावे. आता पट्टी सबंध मुठीत धरता येते आणि लांबी वाढल्यामुळे थोडक्या जोरात किल्ली फिरते. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत कराव्यात. सुतारकाम जमत नसेल, तर डोक्याभोवती एम-सील मळून लावावे आणि ते ओले असतानाच सासूबाईंनाच मूठ मिटायला सांगावी, म्हणजे त्यांच्या बोटांचा ठसा उमटून पकड त्यांच्याच मापाची होते. हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालायला विसरू नये. लांब पट्टीमुळे किल्लीवर पीळही जास्त पडतो आणि अडलेल्या कुलपात किल्ली पिळवटू शकते. म्हणून आधी कुलपात ग्राफाइटची पूड सोडावी, आणि हे सारे किल्लीची दुसरी प्रत करून घेतल्यावर त्या प्रतीवरच करावे.